डाव्या हाताचा माऊस

तुझे धाकटे आजोबा आता डाव्या हाताने इतकी झरझर सही करतात, की बघणाऱ्याला वाटावं जन्मापासूनच डावखुरे असतील. तसं काही नाही. ते माझे धाकटे दीर, मी त्यांना भाऊजी म्हणते. खुर्च्या-टेबलांच्या कारखान्यात ते कातारी होते. लेथवर लाकूड फिरत ठेवायचं आणि पटाशी लावून त्याचे गोल पाय कातायचे, हे त्यांचं काम. मी त्याच कारखान्यात, पॉलिशखात्यात. भाऊजींनी कातलेला पाय माझ्याकडे आला की पॉलिशपेपर नुसता दाखवायचा, घासायला काही उरलेलंच नसायचं.

झालं काय, एका दुपारी वीज गेली. लेथ थांबली. अडकलेली ढलपी काढायला भाऊजींनी हात घातला आणि तेवढ्यात वीज आली. उजवा हात वाचला, पण बोटं काही परत वाकली नाहीत. तेव्हापासून भाऊजींचा एकच मंत्र, मशीन थांबलं म्हणजे बंद झालं असं नाही, मेन बंद केला तरच ते बंद. घरात पंखा असो, इस्त्री असो, भिंतीवरचं बटण दाबून पुन्हा एकदा दाबून बघायचे. माझी जाऊ म्हणायची, "ताई, एक दिवस हे माझाच मेन बंद करतील."

कारखान्याने त्यांना काढलं नाही, हे खरं. गोदामात कॉम्प्युटरवर बसवलं. कुठल्या खोक्यात काय आहे त्याची लेबलं छापायची, ती चिकटवली की माल बाहेर. सुपरवायझर म्हणाला, "जमलं तर ठेवू, नाही जमलं तर मग बघू." बघू म्हणजे काय ते आम्हा सगळ्यांना कळत होतं. एका हाताच्या काताऱ्याला दुसरीकडे कोण उभं करणार?

माऊस डावीकडे घेतला, पण त्याची बटणं उजव्या हाताच्या माणसासाठीच. मग ऑफिसातल्या कोणीतरी दाखवलं, की बटणांची अदलाबदल करता येते, पडद्यावरचा बाणही मोठा करता येतो. भाऊजींनी ते नीट शिकून घेतलं. दिवसभर काम झकास व्हायचं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघावं तर सगळं जैसे थे. बटणं उलटी, बाण मुंगीएवढा. पुन्हा पहिल्यापासून सगळं लावत बसायचं.

अशाच एका सकाळी मालाची गाडी दारात येऊन उभी राहिली, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, भाऊजींनी घाईत बटणं बदललीच नाहीत. दाबायला गेले एक, दाबलं गेलं भलतंच. टेबलांच्या पायांवर खुर्च्यांची लेबलं लागली आणि माल गेला. परत आला तेव्हा सुपरवायझरने चारचौघांत पाणउतारा केला. "आता पुन्हा असं झालं तर घरी बसायचं," म्हणाला. भाऊजींनी परत आलेल्या मालावरची लेबलं डाव्या हाताने खरवडायला घेतली.

पण डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. त्या कॉम्प्युटरवर दुपारनंतर दुसऱ्या पाळीची बाई बसायची. तिला सगळे घड्याळबाई म्हणायचे, कारण ती दारात दिसली की भोंगा वाजायचाच. आता काताऱ्याचं डोकं कसं चालतं बघ. लेथ एक, पाळ्या दोन. आधीच्याने पटाशीचा टेकू सरकवला की पुढच्याला तो सरकलेलाच मिळणार. मग माऊस बदलतो कोण? घड्याळबाई. दुसरं आहे कोण तिथे?

एकदा पाळी बदलताना त्यांनी तिला गाठलंच, मी दोघांच्या मध्ये उभी होते. भाऊजी म्हणाले, "बाई, तुम्हाला उजवा लागतो तर उजवा वापरा, पण जाताना माझं होतं तसं करून ठेवत जा."

"मी तुमच्यात जातच नाही," ती म्हणाली. "तुमचं नाव वेगळं, माझं वेगळं. तुमच्या नावाचा पासवर्ड तरी माहीत आहे का मला?"

"मशीन तर एकच आहे ना."

"घरही एकच असतं, म्हणून काय जावेच्या ट्रंकेत कोणी हात घालतं का? विचारा तुमच्या वहिनींना."

मी पदराने पॉलिशचे हात पुसू लागले. आमच्या घरात ट्रंकेत हात घातलेला आहे, कोणी घातला ते मात्र तुझ्या वहीत लिहू नकोस.

भाऊजींना काही ते पटलं नाही. दुसऱ्या दिवशी पाळी संपली तरी घरी जाईनात. एका खोक्यावर तिच्या पाठीमागे जाऊन बसले, डोळ्यात तेल घालून. ती काम करतेय, भाऊजी बघतायत. थोड्या वेळाने ती वळलीसुद्धा नाही, नुसती म्हणाली, "बसा निवांत. आमच्या ह्यांनी लग्नात पण माझ्याकडे एवढा वेळ बघितलं नव्हतं." गोदामातले सगळे हसले. भाऊजी तिची पाळी संपेपर्यंत हलले नाहीत. तिने माऊसच्या बटणांना काही केलं नाही. आणि सकाळी बघतात तर पुन्हा उलटं.

मग मात्र त्यांचा चेहरा उतरला. बाई नाही तर कोण? मीच म्हटलं, "ऑफिसातले कॉम्प्युटर बघायला ती मुलगी येते, तिला विचारा की." म्हणाले, "वहिनी, सुपरवायझरला कळलं तर म्हणेल, याला एवढंही जमत नाही." म्हटलं, "न विचारता घरी बसण्यापेक्षा विचारून बसा."

ती कॉम्प्युटरवाली आली, शेजारी स्टूल ओढून बसली. म्हणाली, "काका, मी काही करत नाही. तुम्ही रोज करता तसंच करा."

भाऊजींनी भिंतीवरचा मेन चालू केला, कॉम्प्युटर लावला, आपलं नाव, पासवर्ड घातला. पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकोनी चिठ्ठी आली. भाऊजींनी लगेच फुली दाबून ती घालवली.

"थांबा, ते काय होतं?"

"ते रोजच येतं. इंग्रजीत असतं. मी घालवतो."

"वाचून घेतलंत का कोणाकडून?"

"जाहिरात असेल म्हटलं."

तिने कॉम्प्युटर पुन्हा लावला, चिठ्ठी आली तशी वाचली. म्हणाली, "काका, यात तुमच्या नावाची खोली आहे, पण तिचं दार बिघडलंय, उघडत नाही. म्हणून मशीन तुम्हाला रोज बाहेर ओसरीवर बसवतं. तुम्ही दिवसभर तिथे मांडामांड करता, आणि बंद झालं की ते सगळं झाडून टाकतं. घड्याळबाईंची खोली शाबूत आहे. त्यांचा काही संबंध नाही."

"दार बिघडवलं कोणी?"

"पाळी संपली की बंद कसं करता ते दाखवा."

भाऊजी उठले आणि भिंतीवरचा मेन दाबला. पडदा काळा झाला. ती मुलगी त्यांच्याकडे बघतच राहिली.

"रोज असंच?"

"मशीन सोडताना मेन बंद. असंच करायचं असतं."

"अहो, ते बंद व्हायच्या आधी सगळं जागच्या जागी लिहून ठेवत असतं. तुम्ही लिहिणाऱ्याच्या हातातली वही ओढून घेता. असं रोज ओढलं तर एखाद्या दिवशी फाटणारच."

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, तो काय चुकतो? पण इथे फुंकून फुंकून ताकच सांडलं होतं.

तिने त्यांना नवीन नावाची नवीन खोली करून दिली, बटणं बदलून दिली. म्हणाली, "आता पडद्यावरून बंद करायचं. कॉम्प्युटरच्या पुढचा छोटा दिवा विझेपर्यंत भिंतीला हात लावायचा नाही. विझला की मग खुशाल मेन बंद करा."

पाळी सुटली तशी मी भाऊजींना बोलवायला गेले. पडद्यावर बंद करायचं दाबून ते उभे होते. डावा हात मेनवर. पडदा काळा झाला, पण आत पंखा घुर्र घुर्र चालूच. मला त्यांच्या मानेवरची शीर दिसत होती. घड्याळबाई दारात येऊन थांबली होती.

"थांबलं का?" त्यांनी मला विचारलं.

"दिवा आहे अजून," मी म्हटलं.

त्यांनी मेनवरचा हात काढून खिशात घातला. पंखा थांबला. मग दिवा गेला. त्यांनी मेन बंद केला.

"मी आलेय की आता," घड्याळबाई म्हणाली. "मेन कशाला बंद केलात?"

"मी बंद करणार, तुम्ही चालू करा."

तिने चालू केला.

सकाळी मी पॉलिशखात्यात जायच्या आधी गोदामात डोकावले. भाऊजी नाव, पासवर्ड घालून बसले होते. चिठ्ठी आली नाही. बाण मोठा होता. त्यांनी पहिल्या बोटाने दाबलं आणि लेबल छापून बाहेर आलं. सुपरवायझरने ते घेतलं, खोक्यावर धरून बघितलं, चिकटवलं आणि पुढच्या खोक्याकडे गेला. त्यानंतर 'बघू' हा शब्द त्याने काढला नाही.

दुपारी घड्याळबाई आली तेव्हा भाऊजी खुर्चीतून उठून उभे राहिले. "बाई, माझंच चुकलं. उगीच तुमच्यावर आळ घेतला."

"माझ्यामागे पाळीभर बसलात त्याचं काय?"

"त्याचं काय करू?"

"उद्या मला उशीर होणार आहे, मुलीला डॉक्टरकडे न्यायचंय. मी येईपर्यंत बसा."

दुसऱ्या दिवशी भाऊजी बसले. ती आली तेव्हा तिच्या वाटची अर्धी लेबलं डाव्या हाताने छापून झाली होती.