डाव्या बाजूचे पत्रे

डिसेंबरचा दुसरा शनिवार, सकाळी दहा. जागा : मुलुंड पूर्व, आमच्या इमारतीचं पार्किंग. हजर : मी, माझे वडील (वय एकोणऐंशी) आणि जुन्या गाड्यांच्या शोरूमने गाडी तपासायला पाठवलेला तिशीतला एक माणूस. गैरहजर : माझा नवरा, कामासाठी नागपूरला.

काम ठरलेलं होतं. आमची चौदा वर्षांची पेट्रोल गाडी शोरूमला द्यायची, तिची किंमत वळती करून घ्यायची आणि त्यांच्याकडची तीन वर्षं वापरलेली इलेक्ट्रिक गाडी आणायची. मी फाइल लावून ठेवली होती : आरसी, विमा, पीयूसी, दोन्ही किल्ल्या, सर्व्हिसची बिलं तारखेप्रमाणे. जुनी गाडी बाबांच्या नावावर. एकतीस वर्षं त्यांनी या शहरात बस चालवली आणि निवृत्तीनंतर काही वर्षांनी ही गाडी घेतली.

लोकांना मी कारण सांगत होते ते पेट्रोलचं, आणि गाडीला पंधरा वर्षं भरत आली त्याचं. खरं कारण निराळं होतं. जूनमध्ये मी शेजारी बसलेली असताना बाबांनी लाल सिग्नल ओलांडला. मी ओरडले तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं, कुठे होता सिग्नल? त्या दिवशी मला कळलं की यांनी आता गाडी चालवायची नाही. पण हे त्यांना सांगायचं कोणी, यावर मी आणि नवऱ्याने सहा महिने घालवले. शेवटी मी वाट काढली. इलेक्ट्रिक गाडीला गिअर नसतात, आणि बिनगिअरच्या गाडीला बाबा हिणवून पाळणा म्हणायचे. पाळणा आणला की ते आपोआप लांब राहतील, सांगायची वेळच येणार नाही. विचारलं तर ते लगेच हो म्हणाले. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

तपासणीवाल्याने इंजिन ऐकलं, टायर पाहिले, मग खिशातून मोबाइलएवढं एक यंत्र काढलं. पत्र्यावर टेकवलं की रंग किती जाड आहे तो आकडा त्यात दिसतो. उजव्या बाजूला सगळीकडे शंभरच्या आसपास आला. डावीकडे पुढच्या दारावर चारशे, मागच्या दारावर पाचशे. मागच्या मडगार्डवर त्याने तीनदा टेकवून पाहिलं.

बाबा फडक्याने आरसा पुसत होते. आधी पुसून झालेलाच आरसा.

तो म्हणाला की तिन्ही ठिकाणी वेगवेगळ्या वेळी आत पुट्टी भरून वरून रंग मारलाय, काम चांगलं आहे, डोळ्यांना कळणारसुद्धा नाही. मला आजवर कळलं नव्हतंच. बाबा दर गुरुवारी गाडी घेऊन भांडुपला जात. तिथे त्यांच्या एका जुन्या सोबत्याच्या मुलाचं गॅरेज आहे. गप्पा मारायला जातो, म्हणायचे. म्हणजे सिग्नलच्याही आधीपासून त्यांना डावीकडचं दिसत नव्हतं, ते त्यांना ठाऊक होतं आणि ते एकटेच ते निस्तरत होते.

"काका, ठोकली होती काय?" त्याने विचारलं. "फॉर्मवर लिहायला लागतं, म्हणून विचारतो."

बाबांनी आरशावरचा हात थांबवला, पण मान वळवली नाही. एकतीस वर्षांत त्यांच्या बसला साधा ओरखडा नव्हता, हे आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याने ऐकलेलं आहे.

"माझ्याकडून लागली," मी म्हणाले. "इथेच, पार्किंगमध्ये."

"तिन्ही वेळा, मॅडम?"

"हो."

"तोच खांब?"

"तोच."

तो हसला. मग बाबाही हसले, थोडे उशिरा. म्हणाले, "हिला मीच शिकवली. पण डावी बाजू हिला कधी कळलीच नाही."

फॉर्मवर माझ्या नावापुढे तीन ठोकरी लागल्या. बाबांनी विक्रीच्या कागदांवर सह्या केल्या. किंमत थोडी खाली आली, त्याचं मला काही वाटलं नाही. आता गाडी चालवू नका, हे बाबांना सांगायची याहून सरळ संधी मला मिळणार नव्हती आणि ती मी स्वतःच्या हाताने घालवली होती.

पुढच्या शनिवारी घाटकोपरच्या शोरूममध्ये नवी गाडी ताब्यात घेतली. बॅटरीचा अहवाल, चार्जिंगची केबल, वॉरंटीचे कागद, सगळं मी तपासून घेतलं. मागे वळून बघते तो बाबा ड्रायव्हरच्या सीटवर. समोरच्या पडद्यावर गाडीच्या चारही बाजू दिसत होत्या. त्यांनी बोटाने डावी बाजू दाखवली.

"यासाठीच तर हो म्हटलं गं," ते म्हणाले. "आता इकडचं गाडी बघेल. तू नको काळजी करू."

मी त्यांना म्हटलं की आज रहदारी खूप आहे, आज मी चालवते. ते दुसऱ्या बाजूला येऊन बसले. विक्रोळी गेल्यावर शर्टाच्या खिशातून त्यांनी लायसन्स काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. मार्चमध्ये मुदत संपते, या वयात डॉक्टरचा दाखला लागतो, डॉक्टरची वेळ घे, म्हणाले. "तुझ्या यादीत घाल, बाय. म्हणजे होईल."

घातलं. त्या यादीतलं बाकी सगळं झालं. विमा नावावर झाला, चार्जिंगला सोसायटीची परवानगी आली, फास्टॅग लागला. गाडी मी रोज ऑफिसला नेते. खरं तर तिची तिथे गरज नसते. बाबा दोनदा डॉक्टरचं विचारून गेले. दोन्ही वेळा मी म्हटलं, ते सुट्टीवर आहेत. संध्याकाळी फिरून येताना बाबा डॉक्टरांच्या दवाखान्यावरूनच येतात, आणि दवाखाना रोज उघडा असतो.

लायसन्स माझ्या पर्समध्ये आहे. मी अजून वेळ घेतलेली नाही, आणि का घेतली नाही ते बाबांना सांगायचं राहिलं आहे.