दिब्रुगड ते मुळगाव

आमच्या मुळगावात कोणी वारलं, की भटाच्या आधी शिवदासकडे माणूस धावतो. तीस वर्षं बसवर कंडक्टर होता तो. लांबच्या मुलाला पोचायला किती वेळ लागेल हे त्याने सांगायचं आणि त्यावरून मयत कधी काढायचं ते ठरायचं. मयत घरात असेपर्यंत वाड्यावर, म्हणजे आमच्या अख्ख्या वस्तीत, चूल पेटत नाही, आणि मावळतीनंतर आमच्याकडे अग्नी देत नाहीत. म्हणजे अख्खा वाडा उपाशीपोटी शिवदासच्या तोंडाकडे बघत बसलेला.

त्याचा तोरा काय सांगू! मोबाइल बघून कोणी म्हणालं, विमानाला तीनच तास दाखवतंय, की हा खेकसायचा, विमान काय तुझ्या अंगणात उतरतं? घर ते विमानतळ, दोन तास आधीची रांग, मधे विमान बदलायचं, मग मोपाच्या विमानतळावरून इथवर, सगळं धरायचं. आणि त्याचं कधी चुकायचं नाही, हेच मला खुपायचं.

दोन वर्षांपूर्वी पद्मावतीचा नवरा गेला, तेव्हा तिचा मुलगा प्रज्योत जोधपूरला होता. शिवदास म्हणाला, मावळतीआधी पोचत नाही, काढा. काढलं. दिवस मावळता मावळता अग्नी दिला आणि तासाभराने प्रज्योत स्मशानात आला. पद्मावती त्यावर कोणाला काही बोलली नाही. शिवदासच्या अंगणात पाऊल टाकणं मात्र तिने सोडलं.

गेल्या डिसेंबरात शिवदासची बायको विनोदिनी पहाटे गेली. एकुलती लेक गौरवी दिब्रुगडला शाळेत शिकवते. तिचा फोन आला, अकराचं विमान मिळालंय, कोलकात्याला बदलून. सरळ रेषेत पंचवीसशे किलोमीटर. थेट विमान असतं तर साडेतीन तासांचं काम, पण थेट विमान आहे कुठे? विनोदिनीचा भाऊ मंगेश, त्याने नेहमीचा प्रश्न विचारला. शिवदासने घड्याळाकडे बघितलं.

"पाच वाजता येतली," तो म्हणाला.

किरण रोज मोपाला टॅक्सी मारतो. त्याने माझ्याकडे बघितलं. तेवढं गणित मलाही येत होतं, साडेसातच्या आत ती काही येत नव्हती. मला रागच आला. लोकांना एक न्याय आणि स्वतःला दुसरा! पण तो घड्याळाकडे पाठ करून बसला, ते बघून मी ते गणित कोणाला सांगितलं नाही. मयत घरातच राहिलं.

पाच वाजले. किरण कोणाला न सांगता गाडी घेऊन मोपाला गेला. सहा वाजले, दिवस मावळला. मंगेश म्हणाला, आता सकाळीच काढू. कोणी साधा चहासुद्धा मागितला नाही. पद्मावती सकाळीच आली होती, ती विनोदिनीच्या उशाशी बसून होती.

पावणेआठला गाडी आली. गौरवी आत धावली आणि आईला बिलगली. पद्मावतीने सरकून तिला जागा करून दिली. मग ती बाहेर पडवीत येऊन शिवदाससमोर उभी राहिली.

"माझ्या प्रज्योताक एकच तास कमी पडलेलो, शिवदासभाऊ."

शिवदासने मान वर केली नाही.

"चुकला माझा," तो म्हणाला.

 पद्मावती आत गेली आणि सकाळपर्यंत गौरवीजवळ बसली.