विंगेतला आवाज

आमच्या शहरातलं जुनं नाट्यगृह दुरुस्त होऊन पुन्हा खुलं झालं, तेव्हा मी आत्याला दाखवायला घेऊन गेले. तरुणपणी ती तिथे नाटकांतून कामं करायची. दुपारची वेळ, प्रेक्षागृह रिकामं. नव्या खुर्च्या, भिंतींना ताजा रंग. "ओळखीचं काही ठेवलंच नाही गं," ती पुटपुटली. तरी रंगमंचावर चढली आणि जुन्या भूमिकेतलं एक स्वगत म्हणू लागली.

मध्येच ती थांबली. त्या शांततेत मला वाटलं, भिंती रंगवता येतात, पण त्यांच्यात वर्षानुवर्षं मुरलेले आवाज कुठे जात असतील?

तेवढ्यात डाव्या विंगेतून कुणीतरी हलकेच पुढचे शब्द पुरवले. पुरुषाचा, घोगरा आवाज. मी धावत जाऊन पाहिलं, तर विंगेत कुणीच नव्हतं. आत्याने मात्र तिकडे वळूनही न बघता ते शब्द उचलले आणि स्वगत पुरं केलं.

"आत्या, तू ऐकलंस?" पायऱ्या उतरताना मी विचारलं.

"आमचे प्रॉम्प्टर. जाऊन किती वर्षं झाली त्यांना!" आणि मग जरा चिडूनच म्हणाली, "पण सवय काही गेली नाही. अगं, मी विसरले नव्हते. तिथे थांबायचंच असतं."