पैजेची मिशी

तुरटीचा खडा दिसला की निलंग्यातल्या न्हाव्याचं ते दुकान आठवतं अन् मला आजही खुर्चीत स्वस्थ बसवत नाही. लोकसभेच्या निवडणुकीत कुणालाच बहुमत मिळालं नव्हतं, धा-पंधरा पक्षांची मोट बांधून दिल्लीत सरकार आलं होतं. माझे व्याही हसून म्हणाले, "हे काय टिकत न्हाई." मी भरल्या हॉटेलात बोलून गेलो, "पाच वर्सं टिकल, न्हाई तर मिशी उतरवीन." पुढं एके दिवशी रेडिओनं सांगितलं, एका मतानं सरकार पडलं. व्याही म्हणाले, "जाऊ द्या, थट्टा व्हती." पण मी शब्दाचा पक्का, तडक न्हाव्याकडं गेलो. त्यानं वस्तरा हातातच धरला. "तुमचे वडील जित्ते हायत की. बाप असताना मिशी काढत्यात व्हय?" मी उठलो, दारापर्यंत गेलो, परत बसलो, परत उठलो. ठेवावी तर शब्द जातो, काढावी तर बापाला जित्तेपणी मारल्यासारखं. तेवढ्यात कुणाकडून तरी कळून बापच काठी टेकत आत आला अन् शेजारच्या खुर्चीत बसला. "आधी माझी काढ, मंग ह्याची," तो न्हाव्याला म्हणाला. "मी मेलो न्हाई, सरकार मेलंय. बापलेक मिळून त्याचं सुतक धरू." सगळं दुकान हसलं, बाप हसला नाही. आता दिल्लीत पुन्हा तसलंच मोटेचं सरकार हाय. पोरं विचारतात, "आबा, लावता का पैज?" हौस अजून लई हाय. पण हरलो तर शेजारच्या खुर्चीत येऊन कोण बसणार?