आटे जुळेपर्यंत

नलिनीवहिनींच्या भावाचा फर्दापूरहून फोन आला तेव्हा मी दुकानात यंत्रावर होज दाबत होतो. "ताई गेली... जेवून उठली आणि गेली." यंत्र चालूच राहिलं. बंद करायचं मला सुचलंच नाही.

त्याला आता दीड महिना होईल. नलिनीवहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दादा गेल्यावर दुकान आम्ही दीर-भावजयीनं चालवलं. क्रेन, पोकलेन अशा यंत्रांतून दाबाखालचं तेल वाहून नेणारे जाड पाइप, म्हणजे होज, आणि ते यंत्राला जोडणारे पोलादी अडॅप्टर, हा आमचा धंदा. वहिनी बोलायला तिखट आणि घाईच्या गिऱ्हाइकाशी हमखास भांडणाऱ्या. त्या भांडणांचा मला कंटाळा यायचा... फुलंब्रीकडच्या त्या विहिरीपर्यंत.

बोलावणं आलं म्हणून आम्ही दोघं तिथं पोहोचलो, तेव्हा गाळ काढणाऱ्या क्रेनचा अडॅप्टर फुटला होता आणि दोन गडी बादलीत, विहिरीच्या मध्यावर लटकत होते. त्यातल्या शंकरचा हात दगडावर आपटून मोडलेला, त्यामुळं दोर धरून वर येणं त्याला शक्य नव्हतं. क्रेनच्या ब्रेकनं बादली धरली होती. पण तो मधूनच करकरायचा आणि बादली जराशी खाली घसरायची. काठावरच्या बायका प्रत्येक वेळी किंचाळायच्या.

वहिनींच्या पिशवीत दोनच अडॅप्टर कामाचे निघाले. एकाचे आटे बरोबर जुळत होते, पण तो पितळी. "हा एवढ्या दाबाला टिकणार नाय," म्हणत त्यांनी तो बाजूला ठेवला. दुसरा पोलादी, दोन वेढे फिरला आणि अडला.

"बसतंय की ताई! पाना लावा अन् ओढा," क्रेनवाला ओरडला.

"बसत नाय, अडतंय. आट्यांचं माप येगळं आहे. तेल सुरू झालं की ब्रेक सुटतो. मग सगळा भार या जोडावर."

पुन्हा करकर झाली. माझा धीर सुटला. "वहिनी, लावून टाका ना..."

"भाऊजी, खाली माणसं आहेत," एवढंच त्या म्हणाल्या.

खालून शंकरनं अर्वाच्य शिव्या द्यायला सुरुवात केली. वहिनी काठावर वाकल्या. "दे शिव्या, लई दे! पण हलू नको, बाबा."

उठताना त्यांची नजर बांधावरच्या ट्रॅक्टरवर गेली. ट्रॉली उचलणाऱ्या जॅकचा अडॅप्टर त्यांनी काढायला लावला. पोलादी होता. पदरानं पुसून त्यांनी आट्यांवर मापाची पट्टी लावली, पाइप जिथं घट्ट टेकतो ती आतली बैठक पाहिली आणि नुसत्या बोटांनी तो फिरवला. न अडता शेवटपर्यंत गेला. मगच पाना लावला.

क्रेन सुरू झाली. जोडावरून त्यांची नजर हटली नाही. बादली हळूहळू काठाशी आली, लोकांनी दोघांना ओढून घेतलं. शंकर मातीत बसून लहान मुलासारखा रडला.

परतताना वहिनींना गाडीची किल्लीही फिरवता येईना. "तुम्ही चालवा," म्हणाल्या. बरंच अंतर गेल्यावर हळूच विचारलं, "ट्रॉलीचाही जुळला नसता तर हो?"

परवा एक ड्रायव्हर आला. ओळखीचाच, नेहमीसारखा घाईत. "दादा, बसतंय, द्या लवकर." मी त्याच्या हातातून अडॅप्टर घेतला, बोटांनी फिरवला. अडला. "थांबा," म्हणालो, "दुसरा बघतो." तो भांडला नाही. आतल्या खोलीच्या दाराकडं बघत उभा राहिला. वहिनी आता बाहेर येतील असं त्यालाही वाटलं असावं.