रेखाबाई मेंबर नव्हती

"अण्णा, माले गेटवरच थांबाडं. नाव कमी करं म्हणतस."

रेखाबाई युनियनच्या ऑफिसात येऊन उभी होती. नंदुरबारजवळच्या सूतगिरणीत मी फिटर होतो आणि युनियनचा सेक्रेटरीही. ही बाई वाइंडिंग खात्यातली. वाइंडिंग म्हणजे लहान बॉबिनवरचं सूत मोठ्या कोनवर गुंडाळणं. दिवसभर कापसाची धूळ नाकातोंडात. तिनं सगळ्या बायांसाठी मास्क मागितले आणि दुसऱ्या दिवशी तिला गेट बंद. अकरा वर्षं काम केलेली, घरात कमावती एकटी.

मी तडक पर्सोनेल मॅनेजरच्या केबिनमध्ये शिरलो.

"ती आमची कामगार नाहीच," मॅनेजर म्हणाले. "ठेकेदाराची आहे."

"मशीन तुमचं, सूत तुमचं, सुपरवायझर तुमचा. आणि बाई तेवढी ठेकेदाराची?"

"करार तुम्हीच केलाय, पाटील."

त्यांनी फाइल पुढे सरकवली. पर्मनंट कामगारांना कंपनी हात लावणार नाही. बदल्यात रिकाम्या होणाऱ्या जागा ठेकेदार भरेल आणि त्याच्या माणसांबद्दल युनियन वाद काढणार नाही. खाली माझी सही. तो करार झाला त्या दिवशी आम्ही गेटवर गुलाल उधळला होता. आपली माणसं वाचली, एवढंच तेव्हा दिसलं. मला माझीच लाज वाटली.

आता पर्मनंट लोकांनी एक पाळी काम बंद ठेवलं तरच काही होणार होतं. दुपारी गेट मीटिंग घेतली. पूर्वी तिथे उभं राहायला जागा नसायची. त्या दिवशी जेमतेम वीस जण आले, सगळे पन्नाशीपुढचे.

"अण्णा, माले रिटायर व्हवाले दोनच वरीस शेतस," माझा जुना जोडीदार हिरामण म्हणाला. "आनि ती आपली मेंबर शे का?"

नव्हती. ठेक्यावरच्या माणसांना आम्ही मेंबर करतच नव्हतो.

"मंग मी कोन शे, अण्णा?" बाजूला उभ्या रेखाबाईनं विचारलं.

काम बंद झालं नाही. रेखाबाई नवापूरकडे पोल्ट्रीत लागली. पुढे आम्ही आमचा नियम बदलला आणि मेंबरशिपचे फॉर्म घेऊन मी वाइंडिंगमध्ये गेलो. एका बाईनं फॉर्म हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि परत दिला.

"रेखाबाईना टाईमले हाऊ फॉर्म कोठे व्हता?"

एकही फॉर्म भरला गेला नाही. मी रिटायर झालो, तेव्हा सेक्रेटरी व्हायला कुणी पुढे आलं नाही. युनियन का संपल्या, असं लोक विचारतात. मालक, कायदे, पुढारी, सगळ्यांची नावं घेता येतात. पण कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. आमच्या गिरणीत तो दांडा मी होतो.