माझा पंप

डाळिंबाची बाग मीच बघते. नवरा नागापूरच्या कारखान्यात कामाला, घरी येतो तो रविवारी. फवारणी काही रविवारची वाट बघत नाही, म्हणून छोटा ट्रॅक्टर चालवायला मी शिकले. धाकट्या दिराकडेही तसाच ट्रॅक्टर आहे. दोन्ही भावांनी एकदमच जुने घेतले होते, एकाच कंपनीचे. माझा चालू असायचा, त्याचा बहुतेक बंद.

वडील आजारी म्हणून मी चार दिवस पाथर्डीला माहेरी गेले. परत आले तेव्हा पाऊस होऊन गेला होता आणि फळांवर तेल्या रोगाचे ठिपके दिसायला लागले होते. औषध कालवलं, फवारणीचा ब्लोअर मागं जोडला, ट्रॅक्टर सुरू केला. लिफ्टचा दांडा ओढला तर ब्लोअर जमिनीवरून हलेचना. खाली उतरून बघितलं. लिफ्ट उचलणाऱ्या हायड्रॉलिक पंपाच्या बोल्टवर पान्याचे ताजे चरे होते, आणि पंपावर हिरवा रंग. दिराच्या पंपातून तेल गळायचं, तेव्हा त्यानं दाराचा उरलेला रंग त्याला फासला होता. पंप त्याचा होता. माझा त्यानं काढून नेला होता.

अंगाची लाही लाही झाली. तशीच त्याच्या वस्तीवर गेले. तो चहा पीत बसला होता.

"भाऊजी, माझा पंप काढला तुम्ही?"

"व्हय. तुमी माहेरी हुता. ट्रॅक्टर नुसता उभा हुता."

"विचारायचं तरी."

"त्यात काय इचारायचं? दोन्ही घरचेच हायेत. आन् वहिनी, तुमाला कशाला कळाया पायजे पंपाचं?"

मी तिथूनच नवऱ्याला फोन लावला. मागं यंत्रांचा आवाज येत होता. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "जाऊ दे ना. भाऊच आहे. रविवारी आलो की बघतो."

दिराचा राग आला होता, पण या 'जाऊ दे'नं डोक्यात तिडीक गेली. बाग माझी, चार दिवसांत ती काळी पडणार, आणि जाऊ द्यायचं तेही मीच!

घरी जाऊन पान्यांची पेटी उचलली. आधी तो हिरवा पंप माझ्या ट्रॅक्टरवरून काढला आणि नेऊन दिराच्या ओट्यावर, त्याच्या कपाजवळ ठेवला. मग त्याच्या ट्रॅक्टरखाली गोणपाट टाकून बसले.

"वहिनी, न्हाई जमायचं तुमाला," तो म्हणाला. उठला मात्र नाही.

गेल्या वर्षी हाच पंप नवऱ्यानं उघडला होता, तेव्हा एकेक बोल्ट माझ्या ओंजळीत होता. कुठला आखूड, कुठला लांब, मला पाठ होतं. तेलाचा पाइप सोडला तसं तेल कोपरापर्यंत ओघळलं, साडी भिजली. शेवटचा बोल्ट सुटेना. पान्यावर पाय देऊन उभी राहिले, तेव्हा तो कडकन सुटला. पंप पदरात गुंडाळला आणि त्याच्यासमोरून निघाले.

माझ्या ट्रॅक्टरवर बसवताना तेल अडवणारं मधलं गॅस्केट फाटलं. जाड पुठ्ठा कापून नवं केलं, बोल्ट आवळले, तेल भरलं. दांडा ओढला. ब्लोअर आधी कुरकुरला, मग वर आला. ऊन उतरेपर्यंत मी अख्खी बाग फवारली. कडेच्या दोन ओळी गेल्या, बाकीची बाग वाचली.

दिरानं गावभर सांगितलं, "वहिनीनं माझ्या ट्रॅक्टरचं काळीज उपटून नेलं." लोक हसले. ते काळीज कोणाचं होतं, हे एकानंही विचारलं नाही.

रविवारी नवरा आला. हातपाय धुवायच्या आधी तेरा नंबरचा पाना घेऊन ट्रॅक्टरपाशी गेला आणि मी आवळलेले बोल्ट एकेक करून तपासायला लागला. एकही हलला नाही.

"चांगले आवळलेत," तो म्हणाला.

"भावाला काय बोललास?"

तो पहिल्या बोल्टला पुन्हा पाना लावायला लागला. मी तो पाना त्याच्या हातातून काढून घेतला, पेटीत टाकला आणि पेटीला कुलूप लावलं. किल्ली अजून माझ्याच कमरेला आहे.